त्रेचाळिसाव्या पानावरचा त्रिकोण

आमच्या वाचनालयातली जुनी मंडळी सगळी एका माळेचे मणी आहेत. पुस्तकांत गुपचूप खुणा करतात. वय झालं की वाचलेलंच पुस्तक पुन्हा घरी येतं आणि तीस पानांनंतर कळतं, अरेच्चा, हे तर झालंय! ते टाळायला प्रत्येकाने आपलं एक पान आणि आपली एक खूण ठरवलेली असते. निवृत्त ड्राफ्ट्समन अकराव्या पानावर फुली मारतात. जाड चष्म्याच्या शिक्षिकाबाई शेवटच्या पानावर टिंब देतात, ते त्यांना स्वतःलाच दिसत नाही. ग्रंथपालबाई आधी ओरडायच्या, मग खोडरबर घेऊन बसायच्या, आता कंटाळल्या.

माझी खूण त्रिकोणाची. त्रेचाळिसाव्या पानावर, आकड्याखाली, तांदळाच्या दाण्याएवढा. तोही फक्त आवडलेल्या पुस्तकात. रद्दी पुस्तक विसरलेलंच बरं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी खुर्ची त्रेचाळीस नंबरची होती. एकतीस वर्षं तिथे काढली, चारशे नंबर तोंडपाठ होते. साहेबसुद्धा डायरी उघडण्याआधी मला विचारायचे. हे सांगताना माझी मान अजून ताठ होते, होऊ दे.

गेल्या मंगळवारी दुपारी एक कादंबरी संपवली. दीपगृहावर एकटीच राहणाऱ्या बाईची. कपाटाच्या खालच्या खणात, दुसऱ्या रांगेत लपलेली सापडली होती. ग्रंथपालबाई कुलूप घेऊन उभ्या होत्या, म्हणून खूण बघायची राहून गेली. आणि काय पुस्तक निघालं! शेवटी मी चक्क रडले. डोळे पुसले, पेन्सिलीला टोक काढलं आणि त्रेचाळिसावं पान उघडलं.

त्रिकोण आधीच होता.

वाचताना पानाच्या आकड्याकडे कोण बघतं? पण आता दिसत होता, आकड्याखाली, तांदळाएवढा. म्हणजे मी हे वाचलं होतं. आवडलंही होतं. आणि एक ओळ, एक ओळसुद्धा आठवली नव्हती.

माझी आई अशीच गेली. आधी चाव्या, मग शेजाऱ्यांची नावं, आणि एक दिवस मी तिचे केस विंचरत असताना ती अदबीने म्हणाली, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?" म्हणून मुलीने माझ्याकडून वचन घेतलंय. "आई, काही विसरायला लागलीस तर लपवायचं नाही. सरळ माझ्याकडे यायचं." तिचं घर चौदाव्या मजल्यावर आहे. मुलगी सोन्यासारखी आहे, पण तिथे वाचनालय नाही, ओळखीचं माणूस नाही, आणि एकदा गेले की मी परत येणार नाही, हे मला ठाऊक आहे.

मी जुने नंबर म्हणायला बसले. पेढी, इस्पितळ, बर्फाचा कारखाना. येत होते. मग कारखान्यानंतर कोण, तिथे अडले.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच दारात उभी राहिले. कपाटातून एकेक पुस्तक काढून त्रेचाळिसावं पान बघत सुटले. पहिला त्रिकोण, आठवलं. दुसरा, आठवलं. तिसऱ्या पुस्तकात त्रिकोण होता आणि मला नावसुद्धा परकं वाटलं. शेवटी मनाचा हिय्या करून कादंबरी टेबलावर ठेवली.

"बाई, हे माझ्या नावावर आधी कधी गेलंय का हो?"

ग्रंथपालबाईंनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "छे! यंदाच आलंय. दोघींनीच नेलंय. आधी तुमच्या नणंदबाई, मग तुम्ही."

मी तिथेच खुर्चीत बसले. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा. मग डोकं फिरलं. माझं पान, माझी खूण, आणि ही बया खुशाल वापरते!

नणंदेला घरात सगळे चिमणी म्हणतात, ती साठीची आणि चांगली भरभक्कम झाली तरी. तिचं घर दोन गल्ल्या सोडून. दार उघडताच मी सुरू झाले, "चिमणे, तुला दुसरं पान मिळालं नाही? माझा जीव गेला असता काल!"

"वहिनी, असं काय करता? तुम्हीच तर सांगितलंत."

"मी?"

"इथेच बसून. आपली आवड एकच, म्हणालात. जिला आवडेल तिने त्रिकोण काढायचा, म्हणजे दुसरीला चांगलं पुस्तक शोधत बसायला नको. केवढ्या खुशीत होतात!" तिने फळीवरून एक कागद काढला. त्यावर त्रेचाळीसचा आकडा होता आणि खाली त्रिकोण. त्यातला तीनचा आकडा माझ्याच हातचा होता, शेपूट ओढलेला, एक्स्चेंजच्या चिठ्ठ्यांवर काढायचे तसा.

"हो की," मी हसून म्हटलं. "आठवलं."

काही आठवलं नव्हतं. ती खोली आठवत होती, पण तो दिवस नाही.

चिमणी हसली नाही. माझ्या आईला शेवटी जेवण भरवायला तीही यायची. तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली. "वहिनी, मी आता माझ्या त्रिकोणात टिंब देत जाईन. म्हणजे तुमचा कुठला, माझा कुठला, घोटाळा नको."

मला ते तिसरं पुस्तक आठवलं. तिला विचारायचं होतं, ते तू वाचलंस का. शब्द ओठांवर आले आणि मी ते गिळले.

"नको," मी म्हटलं. "टिंब नको देऊस. आहे तसंच राहू दे."

"का?"

"म्हणजे पुढे कधी असा त्रिकोण सापडला, तर मला म्हणता येईल की तुझाच असेल."

तिने कागदाची घडी घातली आणि तो फळीवर परत ठेवला. "बरं वहिनी," ती म्हणाली. "माझाच असेल."