इस्त्रीच्या प्लगवरचे दोन महिने

मित्रांनो, मी विजेवर चालणारा एक जुना तीनचाकी टेम्पो आहे. जुना म्हणजे चारच वर्षांचा. पण आमच्यात बॅटरी दमली की वय झालं असं समजतात. नवा होतो तेव्हा पार्सल कंपनीच्या साहेबांनी मला झेंडूचा हार घातला आणि ‘धूर नाही, आवाज नाही’ म्हणून माझं तोंडभर कौतुक केलं. कंपनीचे असे बारा टेम्पो सोलापुरात फिरतात. माझा चालक सरफराज. सकाळी नवी पेठेतली दुकानं, दुपारी पूर्व भागातली घरं, असा आमचा दिवस. तीन वर्षं मी तो एका चार्जिंगवर हसतखेळत काढला.

मग माझं पोट लवकर रिकामं होऊ लागलं. दुपारच्या चार्जिंगसाठी कंपनी सरफराजला रोजचा भत्ता देऊ लागली. पण चार्जिंग स्टेशनवर मशीन दोन, त्यातलं एक सदानकदा बंद. रांगेत तास गेला की पार्सलं राहत आणि साहेबांचे फोन सुरू होत.

मार्चमधल्या एका दुपारी मी पूर्व भागातल्या एका गल्लीत मान टाकली. समोरच्या घरात रत्नम्मा आणि त्यांची सून धनलक्ष्मी शाळेच्या गणवेशांना बटणं लावून, इस्त्री करून देण्याचं काम करतात. डोक्याला हात लावून बसलेल्या सरफराजला रत्नम्मांनी पाणी दिलं.

“इस्त्रीचा मोठा प्लग हाय की आमच्याकडं. लावा.”

“अम्मा, बिल येईल.”

“मोबाईल लावतात तसंच की ते. त्याला कितीशी वीज लागतीय?”

सरफराजने तोंड उघडलं आणि मिटलं. ते मी पाहिलं. मग खिडकीतून केबल आत गेली आणि त्या घरचे दिवे-पंखे दिवसभरात घेत नसतील एवढी वीज मी दोन तासांत प्यालो. त्याने वीस रुपये पुढे केले, तर रत्नम्मा म्हणाल्या, “पाण्याचे पैसे घेतंय का कोण?”

दुसऱ्या दिवशी आम्ही न बोलावता गेलो. मग रोजच जाऊ लागलो. भत्ता सरफराजच्या खिशात राहू लागला. तो वाईट माणूस नव्हे. गणवेशांचे गठ्ठे दोनदा दुकानात फुकट पोचवून त्याने फिटलं असं मनाला समजावलं. मला मनाची तेवढीही समजूत घालता येत नव्हती.

एप्रिलचं बिल वाढलं ते उन्हाळ्यावर गेलं. मे महिन्याचं दुपटीहून जास्त आलं. खिडकीतून मला सगळं ऐकू आलं. “दिवसभर पंख्याखाली बसतीस,” रत्नम्मा सुनेला म्हणत होत्या, “इस्त्री तापत ठिवून फोनवर बोलतीस.” धनलक्ष्मी “न्हाय अत्त्या, न्हाय” म्हणत होती. तिला सातवा महिना होता. त्या दिवसापासून पंखा बंद झाला. सरफराज सीटवर डोळे मिटून पडला होता, पण जागा होता.

दुसऱ्या दुपारी रत्नम्मांनी नेहमीसारखी केबल स्वतःच्या हाताने आत ओढून घेतली. मागे धनलक्ष्मी बटणं लावत होती. पांढऱ्या सदऱ्यांवर डाग पडू नये म्हणून ती घडोघडी पदराने कपाळ पुसत होती. मी मात्र भरत होतो. एकेक टक्का चढताना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

चाळीस टक्क्यांवर सरफराज उठला आणि खिडकीशी गेला.

“अम्मा, पंख्याचं बिल न्हाय ते. माझ्या गाडीचं हाय. मला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं.”

त्याने दोन महिन्यांचा भत्ता खिडकीत ठेवला. रत्नम्मा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आधी पंख्याचं बटण दाबलं. “धनू, तू सांगत होतीस गं मला,” त्या हळूच म्हणाल्या. धनलक्ष्मीने मान वर केली नाही. हातातलं बटण पुरं केलं. बिलापुरते पैसे ठेवून बाकीचे रत्नम्मांनी परत दिले, केबलची नीट गुंडाळी करून तीही दिली. “ऊन लई हाय, पाणी पिऊन जा,” म्हणाल्या.

आता आम्ही स्टेशनवर रांगेत उभे राहतो. साहेबांची बोलणी खातो.

मित्रांनो, दार नीट लागलं नाही तरी मी टीं टीं करतो, मागे सरकताना गल्ली डोक्यावर घेतो. त्या खिडकीशी मात्र दोन महिने गप्प राहिलो. तुम्हाला तर तोंड आहे. कुणी न मोजता दिलं, तर आपण किती घेतोय ते पहिल्याच दिवशी सांगा. विजेचे पैसे उशिरा का होईना, देता आले. धनलक्ष्मीने खोटी ठरून उकाड्यात काढलेली ती दुपार मी कशाने भरून देऊ?