साखरमहाराजांचं ब्लडप्रेशर

साखरमहाराजांच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. आया आपापली वांड पोरं घेऊन येत, चिमूटभर मंतरलेली साखर चाटवत, आणि तासाभरात पोर पुस्तकात डोकं खुपसून बसे. "बुद्धीची गाठ सोडतो आम्ही, गाठ!" महाराज गरजत. कसली गाठ, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईचा थोरला शाळेत 'वावटळ' म्हणूनच ओळखला जाई. साखरेने वावटळ बसली आणि बाई महाराजांची भक्तीण झाली. महाराजांचा नियम असा, की आईने आधी चाखायची, मगच ती लेकराला लागू पडते. बाई रोज इमानेइतबारे चाखे.

पण तिची धाकटी अंगावर पिणारी होती. ती दूध ओढेना, झोपेना. मांड्यांची कातडी लोंबू लागली.

"अगं, पोर वाळत चाललीय," सासूबाई कळवळल्या.

बाई धावली ती महाराजांकडेच. "घराला नजर लागलीय. चिमूट दुप्पट कर!" त्या अकलेच्या कांद्याने फर्मावलं. पुढे पुढे पोरीला रडायचंही त्राण उरलं नाही.

शेवटी सासूबाईंनीच दोघींना डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. डॉक्टरीणबाईंनी साखर त्याच दिवशी बंद करून तपासायला पाठवली. अहवाल आला तेव्हा त्या संतापल्या.

"हिच्यात लक्ष लागायच्या गोळीची पूड आहे. काही मुलांना ती गोळी खरंच लागते, पण तपासून, मोजून. तिने भूक मरते, झोप उडते, ब्लडप्रेशर चढतं. तुमचं दूध आटलं, आणि उरलेल्या दुधातून तीच पूड बाळाच्या पोटात गेली."

"म्हणजे मीच तिला..." बाईने पोरीला उराशी धरलं.

"तुम्ही नाही. त्याने."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना सोबत नेऊन भर गर्दीत बाईने उरलेली पुडी महाराजांच्या तोंडापुढे धरली. "आधी तुम्ही चाखा, महाराज. सगळी."

महाराज गादीवरून मागे सरकले. "वेड लागलं का तुला? मला ब्लडप्रेशर आहे!"

"साखरेला मधुमेहवाला भितो, महाराज," बाई म्हणाली. "ब्लडप्रेशरवाला कशाला भितो?"

महाराज दाराकडे सटकू लागले. डॉक्टरीणबाईंनी अहवाल मोठ्याने वाचला, पोलिसांना फोन लावला, आणि ते येईपर्यंत आयांनीच दार अडवून धरलं.

धाकटी आता दूध पिते, वजन धरते. वावटळीची रीतसर तपासणी चालू आहे. आयांनो, कुठलाही देव गोळ्या कुटत बसत नाही. चिमटीत काय आहे हे जो सांगत नाही, त्याच्यापुढे लेकराचं तोंड उघडू नका. आधी आपलं उघडा आणि विचारा.