बिनकाट्याचा मासा

आमच्या नदीच्या माशात काटे फार. नवखा माणूस पहिल्या घासाला घाबरतो आणि चौथ्या घासाला आणखी मागतो. आंबट रश्श्यातला हा मासा खायला लोक लांबून आमच्या खाणावळीत येतात, आणि तो पंचवीस वर्षं मीच करतेय. गल्ल्यावर माझे दीर बसतात. भाऊजी मनाचे फार चांगले, पण काळजी करणं हा त्यांचा मुख्य धंदा आणि खाणावळ हा जोडधंदा.

त्या दिवशी फोन ठेवला तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"वहिनी, उद्या दुपारी आठ पाहुणे आहेत. सहलीला निघालेत. आठही जण आंधळे."

"बरं मग?"

"मग काय मग! काटे! कुणाच्या घशात अडकला तर? उद्या मासा बिनकाट्याचा करायचा. अगदी डोळ्यांत तेल घालून काढा."

डोळ्यांत मी वर्षभर डॉक्टरांचे थेंब घालत होते आणि उपयोग शून्य होता. काचबिंदूनं डावा डोळा नेला होता, उजव्याला सगळं धुक्यात असल्यासारखं दिसायचं. हे फक्त मला आणि डॉक्टरांना माहीत होतं. भाऊजींना कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आरामखुर्चीत बसवून हातात रेडिओ दिला असता. नवरा गेला तेव्हा मला ज्या शेगडीनं उभं ठेवलं, तिच्यापासून मला उठायचं नव्हतं. म्हणून मी गप्प होते, आणि कुणाला संशयही आला नव्हता. मासा साफ करणं, चिरणं, फोडणी देणं, सगळं हातांना पाठ होतं.

पण काटे काढणं वेगळं. ते केसासारखे बारीक, तेही मांसात आडवेतिडवे. दुसऱ्या कुणाला सांगावं तर 'तुम्हीच का नाही?' हा प्रश्न आलाच. मी पहाटेच स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि बोटांनी चाचपत एकेक काटा उपटत बसले. तीन तास गेले. बोटांची चाळण झाली. तोंडानं मी भाऊजींचा उद्धार करत होते, त्यामुळे वेळ बरा गेला. खाणावळीतल्या माणसांसाठी मात्र नेहमीसारखाच, काट्यांसकट एक पातेलं चढवलं.

पाहुणे बाराला आले. भाऊजींनी पायपुसणी उचलली होती, मांजर कोंडलं होतं, टेबलांचे कोपरे फडक्यांनी गुंडाळले होते. वाढायच्या खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं. भाऊजी घसा फोडून पाहुण्यांच्या ड्रायव्हरला विचारत होते, "यांना पाणी साधं चालेल का?"

"अहो, आम्हाला दिसत नाही, ऐकू येतं," एक बाई म्हणाल्या. त्या निवृत्त टेलिफोन ऑपरेटर होत्या, मंडळींच्या म्होरक्या. "आणि तहान आम्हाला लागलीय, ड्रायव्हरला नाही. तुम्ही असं करा, ताट म्हणजे घड्याळ समजा. काय किती वाजता आहे तेवढं सांगा."

ही युक्ती भाऊजींना भलतीच आवडली. "भात सहाला! मासा बाराला! लिंबू तीनला!" स्टेशनवर घोषणा कराव्यात तसे ते टेबलाभोवती फिरत राहिले.

मग शांतता झाली. शांतता दोन प्रकारची असते. एक जेवण रंगल्याची आणि एक सभ्यपणाची. ही दुसरी होती. कुणीतरी "छान आहे हं" म्हणालं. पंचवीस वर्षांत माझ्या माशाला कुणी नुसतं छान म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात ऑपरेटरबाई ओरडल्या, "सापडला! काटा!"

भाऊजींच्या हातातला तांब्या खाली पडला. मी ओट्याला धरून उभी राहिले. आता सगळं बाहेर येणार, मला वाटलं. कसा राहिला काटा, दिसला कसा नाही, कधीपासून दिसत नाही.

"एकच?" बाई म्हणाल्या. "बाकीचे कुठे गेले? पाच तास गाडीत बसून आम्ही काट्यांसाठी आलोय."

"काढले ना," भाऊजी चाचरत म्हणाले. "मुद्दाम तुमच्यासाठी."

"म्हणजे सगळ्या गावाला मासा आणि आम्हाला लगदा? अहो, काटा काय डोळ्यांनी शोधतात? बोटांनी आणि जिभेनं शोधतात!"

मी दुसरं काही ऐकलं नाही. आमच्यासाठी केलेलं काट्यांचं पातेलं उचललं आणि स्वतः नेऊन टेबलावर ठेवलं.

मग जेवण झालं ते जेवण! गप्पा थांबल्या, बोटं चालू लागली, काटे चोखल्याचे आवाज येऊ लागले. बाईंनी भाऊजींनाही जबरदस्तीनं बसवलं. आठजणांच्या घशांची काळजी करता करता त्यांच्याच घशात काटा अडकला. ते ठसकू लागले आणि आठही जण एकदम म्हणाले, "भाताचा घास गिळा!" काटा गेला, आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले.

"हसणाऱ्या कोण? यांनीच केलाय का?" ऑपरेटरबाईंनी हात पुढे केला. मी माझा दिला. त्यांचा अंगठा माझ्या बोटांवरून फिरला आणि टोचलेल्या जागांवर थांबला.

"हे काटे तुम्ही बघून नाही काढलेत," त्या हळूच म्हणाल्या.

खोटं बोलता आलं असतं. पण मला त्या वर्षभराच्या चोरीचा इतका कंटाळा आला होता, की मी सरळ सांगून टाकलं. "डावा गेलाय. उजव्यानं माणूस आहे एवढं कळतं, कोण ते आवाजावरून."

भाऊजी ताडकन उठले. "वहिनी! उकळतं तेल, सुऱ्या, ती एवढाली पातेली! कधीपासून हे?"

"वर्ष झालं. या वर्षात तुम्ही रोज दोन वेळा जेवलात आणि दर रविवारी वर आणखी मागून घेतलंत."

"पण मला सांगितलं का नाहीत?" त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

"कारण तुम्ही मलाही बिनकाट्याचं वाढलं असतंत, भाऊजी."

मी पातेलं उचलून आत आले, तर भाऊजी मागोमाग आले. पातेलं माझ्या हातून काढून घेतील असं वाटलं. घेतलं नाही. मी ते शेगडीवर ठेवलं आणि आच लावली.

"जाळ किती आहे ते कसं कळतं?" त्यांनी विचारलं.

"आवाजावरून."

ते माझ्या शेजारी उभे राहिले, बहुधा डोळे मिटून.

"मोठा आहे," ते म्हणाले.

"बारीक आहे," मी म्हणाले. "पण जमेल हळूहळू."