पात्यांमधलं अंतर

तिने शेवटचा स्क्रू पिळला, मशीनचं बटण दाबलं आणि घड्याळात पाहिलं. सव्वाबारा. तिच्या कारखान्यातल्या फिटरने थर्मामीटरची वायर आत कॉम्प्रेसरला आधीच चिकटवली होती; तो स्टूल ओढून बसला. बाबांचा पलंग रिकामा होता. आईने त्यावरची चादर मात्र रोजच्यासारखी ताणून घातली होती.

बाबांना जाऊन नऊ दिवस झाले होते. आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि इकडे ऑक्सिजनचं हे मशीन तापून आपोआप बंद पडलं. शिट्टी वाजली असणार, पण ती वरपर्यंत ऐकू गेली नाही. आई खाली आली तोवर सगळं संपलं होतं.

मशीन जुनं, दुपारी तापायची खोड त्याला पहिल्यापासूनच. म्हणून तर दोन महिन्यांपूर्वी तिने त्याला उष्णता बाहेर सोडणारी ॲल्युमिनियमची पाती बसवली होती. कारखान्यात तिचं कामच ते: तापणाऱ्या वस्तूला किती पाती लावायची, केवढी लांब, किती अंतरावर. लोकांना वाटतं, पातं जितकं लांब तितकं बरं. तसं नसतं. एका हद्दीनंतर उष्णता टोकापर्यंत पोचतच नाही, टोक आपलं नुसतं मिरवत राहतं. दाटीवाटीने लावली तर मधली हवा हलत नाही. हे सगळं तिने वहीत मांडलं, फिटरने पाती कापून दिली, आणि बाबा नळी सावरत म्हणाले, "चला, आता आमचा श्वास इंजिनीअरबाईंच्या हातात."

ते गमतीने म्हणाले होते. नऊ दिवस ती तेच गणित पुन्हा पुन्हा तपासत होती ती त्या गमतीमुळेच.

एक वाजला, दोन वाजले. आकडा एकसष्टवर चढला आणि तिथेच ठाण मांडून बसला. मशीन बंद पडायचं ते पंच्याऐंशीला.

"ताई, गणित चोख आहे," फिटर म्हणाला. "हे बंद पडायचं नाही."

"मग त्या दिवशी कसं पडलं?"

तिने पुन्हा वही उघडली. चूक सापडली असती तर निदान मोकळेपणी रडता तरी आलं असतं.

"झालं का गं तुमचं?" आई दारातून आत आली. "झाकून ठेवते मग."

आईला घरात काही उघडं बघवत नसे. मिक्सरला झबलं, रेडिओला झबलं, शिलाईच्या मशीनला तर आलटूनपालटून घालायला दोन. बाबा म्हणायचे, फार वेळ गप्प बसायची भीती वाटते, मलाही झबलं शिवेल ही. पण आईच्या हातातलं हे झबलं तिने कधी पाहिलं नव्हतं. बाबांच्या निळ्या शर्टाचं, आतून जुन्या रजईचं अस्तर, नळीसाठी नीट काज केलेलं.

"हे कधी शिवलंस?"

"समोरचा रस्ता खणला ना, तेव्हा. तूच म्हणाली होतीस, पात्यांवर धूळ बसली की ती निकामी होतात. दुपारी नुसता धुरळा यायचा आत. तू कामावर गेलीस की घालायचे, संध्याकाळी काढून झटकायचे. आवाजही दबायचा, ह्यांचा डोळा लागायचा."

"त्या दिवशीही घातलं होतंस?"

"म्हणजे काय, रोजच. त्या दिवशी धुरळा फार, म्हणून खालपर्यंत सगळी बटणं लावली होती."

फिटरने तोंड उघडलं. तिने टेबलाखाली त्याचा पाय दाबला.

"सापडलं का मग, काय चुकलं ते?" आईने विचारलं.

"हो. माझं गणित."

"कुठे? दाखव."

आईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ती चष्मा लावून शेजारी बसली. तिने पानं उलटली. एकही आकडा चुकीचा नव्हता. एवढं हतबल तिला त्या दुपारीही वाटलं नव्हतं. शेवटी तिने पेन घेतलं आणि दोन पात्यांमधल्या अंतराभोवती गोल केला.

"हे आठ मिलिमीटर. इथे जास्त हवे होते. हवा खेळली नाही, आई."

आईने त्या गोलावर बोट ठेवलं. बराच वेळ काढलं नाही.

"एवढासा आकडा," ती म्हणाली. मग तिने लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे गं. मुद्दाम का केलंस? त्यांच्या भल्यासाठीच केलंस ना?"

आई उठली, झबलं मशीनवर चढवलं, काज नळीवर बसवलं आणि एकेक बटण लावू लागली. मशीन अजून चालूच होतं. फिटरच्या हातात आकडा हलला. बासष्ट. त्रेसष्ट. त्याने थर्मामीटर मांडीवर पालथा घातला.

आईचं शेवटचं बटण लागेपर्यंत ती थांबली. मग झबल्याखाली हात घालून तिने मशीन बंद केलं.