पाकिटावरची तारीख

मी पोलादाचा आहे, आणि इथल्या मोठ्या सर्जनपेक्षाही जुना आहे. माझं काम ऐकून नाक मुरडू नका, मित्रांनो. फुफ्फुसात कॅन्सरची गाठ झाली की सर्जन छातीच्या बाजूला वीतभर चीर देतात. मग मी दोन बरगड्यांच्या मध्ये बसतो आणि त्या हळूहळू फाकवतो. मला दोन जबडे आहेत, एक दातेरी पट्टी आहे आणि फिरवायला एक दांडी आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये मला सगळे पहिलवान म्हणतात.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. ठोकलं, घासलं, खोक्यात भरलं. पुढची वीस वर्षं मात्र मला उसंत नव्हती. माझा मोठा दबदबा होता. गाठीसकट फुफ्फुसाचा भाग निघायचा आणि बरीच माणसं बरी व्हायची. पण खरं सांगतो, ती पुढे कित्येक आठवडे कण्हायची. खोकताना छातीशी उशी धरायची, हसायलाही घाबरायची.

मग दुर्बीण आली. तीन छोटी भोकं, आत कॅमेरा. गाठ तीच, काढायचा भागही तोच, पण पेशंट चौथ्या-पाचव्या दिवशी आपल्या पायांनी घरी. माझं नाव निघेनासं झालं. मला हेवा वाटला. नंतर काहीच वाटेनासं झालं.

तरी मला कायम तयार ठेवायचा नियम होता, कारण दुर्बिणीने काम चालू असताना मोठी रक्तवाहिनी फाटली तर छाती उघडावीच लागते. मला दाबाच्या वाफेत जंतुरहित करायचं, पाकिटात बंद करायचं, वर तारीख टाकायची. तारीख उलटली की, वापरलेला नसलो तरी, पुन्हा पहिल्यापासून सगळं. हे काम आमच्या थिएटरमधल्या एका सिस्टरकडे होतं. "या पहिलवानाला नुसती आंघोळ घाला, कुस्ती काही नाही," असं त्या चेष्टेने म्हणायच्या. एकदा कामाच्या धबडग्यात त्यांनी मला वाफवलंच नाही. पाकिटाचा कोपरा उसवला होता, त्यावर चिकटपट्टी लावली आणि जुन्या तारखेवर नवी चिठ्ठी डकवली. कुणी पाहिलं नाही.

आठवड्याभराने एका बसड्रायव्हरचं ऑपरेशन होतं. बायको बाहेर बसली होती. भूल देण्याआधी त्याने विचारलं, "तीन पंक्चरच ना, सिस्टर? स्टेपनी ठेवलीय ना बरोबर?"

"ठेवलीय हो," सिस्टर हसून म्हणाल्या.

अर्ध्या तासात कॅमेऱ्याचा पडदा लाल झाला. रक्तवाहिनी फाटली होती. सर्जननी भोकातून बोळा दाबून धरला. "छाती उघडायला लागणार. पहिलवान द्या."

सिस्टरांनी मला उचललं आणि त्यांचा हात थांबला. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता.

"डॉक्टर, हा वाफवलेला नाही. मी नुसती तारीख बदलली."

"दुसरा?"

"शेजारच्या थिएटरमध्ये लागलाय."

"याला वाफवायला किती वेळ?"

"आठ मिनिटं."

सर्जननी बोळ्याकडे पाहिलं. "धरून ठेवतो. पळा."

आठ मिनिटं मी वाफेत होतो. इकडे रक्त चढवत होते आणि रक्तदाब उतरत होता. बाहेर काढल्यावर मला सलाईनने गार केलं आणि बरगड्यांमध्ये बसवलं. मी त्या फाकवल्या. रक्तवाहिनी शिवली, गाठही निघाली. ड्रायव्हर चौथ्या दिवशी गेला.

तो त्या आठ मिनिटांमुळे गेला की फाटलेल्या रक्तवाहिनीमुळे, ते सर्जननाही सांगता आलं नाही. सिस्टर स्वतः त्याच्या बायकोकडे जाऊन सगळं सांगून आल्या. मला धुताना त्या हे दुसऱ्या सिस्टरला सांगत होत्या, म्हणून मला कळलं.

"तुम्ही बोलला नसतात तर मला कधी कळलं असतं का?" बायकोने विचारलं होतं.

"नाही."

"मग आता हे ऐकून मी काय करू?"

हे सांगताना सिस्टरांच्या हातातला ब्रश थांबला, मग पुन्हा चालू झाला. माझे दाते त्यांनी दोनदा घासले. आता त्या थिएटरमध्ये नसतात. मला वाईट वाटायला हवं, वाटत नाही. मी पोलादाचा आहे, एवढंच मला ठाऊक आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी पुढे या कामाला आलात तर माझी विनंती ऐका. तारीख उलटली की पाकीट फोडा, मला वाफवा आणि परत कपाटात ठेवा. मग वर्षानुवर्षं मला कुणी हात लावला नाही, तरी माझी तक्रार नाही.