नर पपई

हरिदासनं पपईच्या बुंध्यात तिसरा खिळा ठोकला आणि मागे सरून झाडाकडे बघितलं. झाड डोक्याच्या वर गेलं होतं, पण फळाचा पत्ता नव्हता. नुसते फुलांचे लांब तुरे लोंबत होते. नर झाडाला लोखंड टोचलं की ते वठणीवर येतं, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. बायको, ठमाबाई, दारातून बघत होती. तिनं हातानंच पुरे म्हणून खुणावलं. आताशा बोलताना तिचा जबडा दुखायचा.

धानोऱ्यात रस्त्याला लागूनच त्यांचं घर, आणि अंगणात हरिदासचा पानठेला. पंचवीस वर्षं रोज सकाळी प्लास्टिकच्या पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना घोटून तो पहिला खर्रा तयार करायचा आणि गिऱ्हाइकाआधी चिमूटभर बायकोला द्यायचा. जमला का, म्हणून विचारायचा. ती गालात धरून मान हलवायची. त्याच्या लेखी ते प्रेम होतं, आणि खोटं कशाला बोला, होतंच.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिच्या तोंडात बोटं घालून माप घेतलं. जेमतेम दोन बोटं गेली; खर्र्यानं तोंड आखडत चाललं होतं. खर्रा बंद, तिखट बंद, मऊ फळं द्या, म्हणाले. खर्रा तिनं त्याच दिवशी सोडला. पण बाजारातली पपई पावडर लावून पिकवलेली. खाल्ली की तोंडाची आग व्हायची. म्हणून हरिदासनं अंगणात बिया टाकल्या. तीन रोपं आली. सगळ्यात जोमाचं त्यानं ठेवलं आणि दोन मरतुकडी शेजारच्या गिरजाबाईला देऊन टाकली.

नशीब बघा माणसाचं. जोमाचं तेच नर निघालं.

खिळ्यांनी काही झालं नाही. गिरजाबाईची दोन्ही झाडं मात्र लदबदली. पहिली झाडपिकली पपई घेऊन ती आपणहून आली.

"बाईले चारा, भाऊ. बी तुमचंच होय."

हरिदासनं गर कुस्करून वाटीत घेतला. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात. इथे दातही होते, पपईही होती, तोंडच मिटत आलं होतं. चमचा आडवा शिरेना, उभा शिरेना. शेवटी त्यानं करंगळीवर गर घेतला आणि ओठ बाजूला करून तिच्या गालात सारला. ठमाबाईनं त्याचं मनगट धरून हात हळूच दूर केला.

"तुमच्या हाताले खर्र्याचा वास येते," ती दातांआडून म्हणाली. "मले तलफ येते त्यानं."

हरिदासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं हात साबणानं धुतले, राखेनं घासले, हुंगले, पुन्हा धुतले.

"ठेला बंदच करून टाकतो," तो म्हणाला.

"अन् खाऊ काय?"

त्यानं वाटी गिरजाबाईच्या हातात दिली. ती करंगळीनं कण कण भरवू लागली, आणि ठमाबाई डोळे मिटून चोखू लागली. तो दाराशी उभा राहून बघत होता. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी खर्रा मागितला. हरिदासनं ओले हात लुंगीला पुसले, ठेल्यावर गेला आणि पन्नी पसरली.