करोंदचा मराठी वाचनकोपरा

डब्याचं झाकण ओट्यावरून घसरलं आणि फरशीवर गरगरत राहिलं. सगळं घर निजलेलं. योगिनी हातातली पोळी तशीच धरून, झाकण आपसूक थांबेपर्यंत बघत उभी राहिली. दचकलीसुद्धा नाही. अलीकडे तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

आज करोंदच्या शाळेत शहरातल्या मराठी मंडळाची माणसं येणार होती. धान्यमंडीच्या मागे असलेल्या त्या सरकारी शाळेत ती वर्षभर मुलांचा वाचनतास घ्यायची. कपाटातली पुस्तकं मंडळाच्याच छोट्याशा अनुदानातून आलेली. मंडळ दर वर्षी एका शाळेला असं अनुदान द्यायचं. अट एकच, पुस्तकं मराठी हवीत. शाळा हिंदी, मुलं हिंदी, घरी मराठीचा गंध नाही. "अगं, लिपी एकच की!" अध्यक्ष प्रभाकरकाका तेव्हा म्हणाले होते. "आधी वाचू देत. अर्थ काय, येईल मागून." काहीच नसण्यापेक्षा बरं, म्हणून योगिनीनंही मान डोलावली होती.

अर्थ काही मागून आला नाही. मुलं मात्र घडाघडा वाचायला लागली.

आज सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं. काका, पुढच्या वर्षी हिंदी पुस्तकं घेऊ या. एवढंच. पोळ्या लाटता लाटता तिनं ते पुटपुटूनही पाहिलं.

लेकीच्या, तन्वीच्या बालवाडीला सुट्टी होती, तेव्हा तीही स्कूटीवर पुढे उभी राहून आली आणि वर्गात सतरंजीच्या कडेला बसली. समोर खुर्च्यांवर काका आणि खजिनदार कमलिनीताई. शाळेच्या दुबे मॅडमनी चौथीतल्या शिफाला उभं केलं. "ज़ोर से पढ़ना बेटा, शरमाना मत."

शिफानं शेळीच्या पिल्लाची गोष्ट काढली. पिल्लू आईला शोधत रानभर हिंडतं. शेवटच्या पानावर आई सापडते, ओढ्याकाठी पडलेली. पिल्लू तिच्या पोटाशी ढुशा देत राहतं. शिफा कुठ्ठे म्हणून अडखळली नाही. 'आई उठलीच नाही' हे तर तिनं छान हेल काढून, हसत हसत वाचलं आणि पुस्तक मिटून छाती पुढे काढून उभी राहिली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. कमलिनीताईंनी पदरानं डोळे टिपले. "अहो, आपल्या नागपूरची पोरं इतकं स्वच्छ वाचत नाहीत!"

"नागपूर राहू द्या," काका म्हणाले, "माझा नातू मराठी पाटी दिसली की मान फिरवतो. शाबास गं पोरी!"

योगिनीचेही हात वाजत होते. ते आपले आहेत हे तिला जरा उशिराच कळलं.

"बोल योगिनी, काही अडचण?" काकांनी विचारलं. "गोविंदपुऱ्याची शाळा कधीची मागे लागलीय, अनुदान आम्हाला द्या म्हणून. पण तुझं हे काम बघितल्यावर..."

वाक्य तोंडात तयार होतं. शिफा तिच्याकडे बघत होती, पुस्तक पोटाशी धरून. हिंदी म्हटलं की मंडळ गोविंदपुऱ्याला जाणार आणि वाचनतासच बंद. मग हिच्या हातात हेही नाही.

"नाही काका. छान चाललंय."

"मग ठरलं! पुढल्या वर्षीही करोंदच. अजून मराठी पुस्तकं आणू."

दुबे मॅडमनी चहा मागवला. योगिनीनं तो प्यायला. गोड होता की नव्हता, कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

परतताना मंडीच्या फाटकापाशी गव्हाच्या ट्रॉल्यांची रांग आडवी आली. तिनं स्कूटी बंद केली.

"आई, त्या पिल्लाची आई मेली ना गं?"

"हं."

"मग शिफादीदी हसत का होती?"

"तिला मराठी येत नाही, राणी. कळलं नाही तिला."

ट्रॉली पुढे सरकली. तन्वीनं मान मागे वळवून आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"पण तुला येते ना मराठी? मग तू का टाळ्या वाजवल्यास?"